पेठेतला मासा

सदाशिव पेठेत मासे खात नाहीत, हे विधान निम्मंच खरं आहे. खात नाहीत, पण पितात, निदान पीत होते. आमच्या औषधांच्या दुकानाच्या जुन्या उधारीच्या वह्या मी टाकलेल्या नाहीत, आणि त्यांत याचा लेखी पुरावा आहे. आजोबा मोडीत लिहीत. पानोपानी ‘नॉर्वेचं तेल, बाटली एक’ अशी नोंद, आणि पुढे आडनाव. आडनावं सगळी जोशी, गोखले, आपटे, केळकर. माशाचं नाव आजोबांनी त्या वह्यांत एकदाही लिहिलेलं नाही.

आता दुकान मुलगा बघतो. मी संध्याकाळी नुसता स्टुलावर बसतो आणि लोकांच्या शंका ऐकतो. हल्ली तरुण मंडळी साल्मनबद्दल विचारतात: कातडं काढलेला, काटे काढलेला, गुलाबी तुकडा, मोबाइलवरून मागवला की बर्फाच्या पिशवीसकट दारात येतो. त्यात काय गुण आहेत, वडिलांच्या हृदयाला चालेल का, बी-ट्वेल्व्ह वाढेल का. त्यांना वाटतं, आपण पेठेत काहीतरी भलतंच आणलं. मला तसं वाटत नाही. पेठेत माशाचा गुण शंभर वर्षांपासून येतो आहे, फक्त दरवेळी मासा बाहेर ठेवून.

पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावाची ही पेठ. इथे घरं बांधलेली बरीच घराणी मूळची गुहागर, दापोली, श्रीवर्धन इकडची. खुद्द पेशव्यांचं गाव श्रीवर्धन. म्हणजे ज्यांच्या आगरापलीकडे बोंबील वाळत पडायचे, अशी माणसं घाट चढून वर आली. त्यांनी मासा खाल्ला नसेल, पण त्याचा वास आणि हंगाम त्यांना पाठ होता. वर आल्यावर त्यांनी कोकणातलं बरंच काही आणलं, सोलं आणली, कुळीथ आणले, फणसपोळी आणली. मासा तेवढा घाटाखाली राहिला, आणि मग तो ताटाऐवजी वादात येऊ लागला. सारस्वत ब्राह्मण मासे खातात, तेव्हा त्यांना अध्ययन, यजन आणि दान एवढ्या तीनच कर्मांचा अधिकार. अध्यापन, याजन आणि प्रतिग्रह त्यांचे नव्हेत, असं घाटावरच्या कर्मठांचं म्हणणं. सारस्वतांना ते कधीच मान्य नव्हतं. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी १८८४ साली ‘सरस्वतीमंडळ’ प्रसिद्ध केलं, त्यामागे या भांडणाची धग होती. गंमत अशी, की संस्कृतातली शंका घेऊन तेव्हाचं पुणं ज्यांच्याकडे जाई, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणात जन्मलेले सारस्वतच. पुढे १८९० त पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांपर्यंतची मंडळी प्रायश्चित्ताच्या प्रकरणात अडकली. बशीत बिस्किटाऐवजी तळलेला रावस असता तर काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

वास्तविक मासा पेठेपासून हाकेच्या अंतरावर पोहत होता. मुठेत भोई जाळी टाकत. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची पाहणी करत हिंडत होता: पिकं, हवामान, पक्षी, माणसं आणि नद्यांतले मासेही. माशांवरचं त्याचं लिखाण १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झालं, आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या एका माशाला त्यानं ‘बार्बस खुद्री’ असं नाव दिलं. हाच दख्खनचा महसीर. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं त्याचं जन्मगाव पुणं आहे. जगात कुठेही या जातीचा अभ्यास करायचा झाला तर मूळ पत्ता मुळा-मुठेचाच निघतो, आणि हे पुण्यात मोजक्याच लोकांना माहीत असावं. गोऱ्या साहेबांना या माशाचं भारी वेड. हेन्री सलिव्हन थॉमसनं १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाड पुस्तक लिहिलं आणि वजनास वजन धरलं तर महसीर साल्मनपेक्षा जोरानं झुंजतो, असा निर्वाळा दिला. स्कॉटलंडच्या नद्यांची आठवण काढत हे लोक आपल्या नद्यांच्या काठी गळ टाकून बसत. पुढे धरणं झाली, शहराचं सांडपाणी नदीत सुटलं आणि शहरातल्या मुठेत महसीर म्हणजे ऐकीव गोष्ट झाली. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याच्या वळवण भागात महसीरची पिल्लं तयार करून धरणांत सोडण्याचं काम हाती घेतलं, म्हणून तो निदान आसपास शिल्लक आहे. नदीकाठची पेठ असूनही आमच्याकडच्या कुठल्याही वहीत, पत्रात, आठवणीत तो सापडत नाही.

समुद्राच्या ताज्या माशाची तर गोष्टच वेगळी. रेल्वेआधी पुण्याला यायची ती सुकट, सोडे, वाळलेले बोंबील, बैलांच्या पाठीवरून घाट चढून. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ साली धावली, बोरघाटाचा चढ १८६३ त पुरा झाला, आणि मग बर्फात घातलेला मासा मुंबईहून सरळ पुण्याला उतरू लागला. तो गेला लष्करात आणि गणेश पेठेच्या मासळी बाजारात. सदाशिव पेठेकडे मासा यायचा तो वेगळ्या वाटेनं, विलायती बोटीतून, बूच मारलेल्या बाटलीत.

या बाटलीचं कारण आमचे वाडे. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, मग माजघर. माजघरात दुपारी बाराला दिवा लावावा लागे, आणि बाळंतिणीची खोली त्याच्याही आत. थंडी बाधू नये म्हणून खिडकीला कांबळं. अशा अंधारात वाढणाऱ्या पोरांना मुडदूस व्हायचा. टाळू भरायची नाही, दात उशिरा यायचे, पोर उभं राहू लागलं की पायाच्या नळ्या वाकायच्या. आज्या तेल लावून पोराला उन्हात निजवायला सांगत, ते बरोबरच होतं. पण ऊन अंगणात असायचं आणि पोर माजघरात.

कॉड माशाच्या यकृताचं तेल मुडदुसाला लागू पडतं, हे युरोपातल्या किनाऱ्यावरच्या लोकांना पूर्वापार माहीत होतं. जुनं तेल म्हणजे पिंपात सडवलेल्या यकृतावर तरंगणारा काळपट द्रव. १८५० च्या दशकात नॉर्वेच्या पीटर मोलरनं ताजी यकृतं वाफेवर तापवून फिकट, कमी वासाचं तेल काढलं, आणि ते बाटलीत घालून जगभर विकण्याजोगं झालं. ते का लागू पडतं ते कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. एडवर्ड मेलनबीनं १९१९ च्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांना अंधारात ठेवून, निकस आहारावर मुडदूस आणून दाखवला आणि कॉडच्या तेलानं तो टाळूनही दाखवला. १९२२ मध्ये मॅकॉलमनं त्या तेलातला हा गुण ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचं सिद्ध केलं आणि त्याला ‘ड’ हे अक्षर मिळालं. आजोबांना हे सगळं ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाचं पोर सहा महिन्यांनी सरळ पायांनी दुकानात चालत येतं, एवढं ठाऊक होतं.

नुसतं तेल पोटात ठरत नसे त्यांच्यासाठी स्कॉट्स इमल्शन होतं, दुधासारखं पांढरं. त्याच्या लेबलावर पाठीवर माणसाएवढा मासा घेतलेला कोळी. आजोबा त्या बाटल्या फडताळात लेबल भिंतीकडे करून लावत. गिऱ्हाईक घरी नेऊन तेच करी. आम्हा मुलांना तो कोळी पाहायला आवडायचा, म्हणून आम्ही बाटल्या फिरवून ठेवायचो आणि ओरडा खायचो.

घरोघरी या तेलाचं वेगळं सोवळं-ओवळं तयार झालं. चमचा वेगळा, आणि तो स्वयंपाकघरात जायचा नाही. ओसरीवरच्या कोनाड्यात कागदात गुंडाळून राहायचा. पोराला ओसरीवरच धरायचं, नाक दाबायचं, चमचा रिकामा करायचा, गुळाचा खडा द्यायचा आणि चूळ भरून झाल्यावर आत सोडायचं. मीही प्यालो आहे. दुपारच्या शाळेत ढेकर आली की शेजारच्या पोराला कळायचं, कारण त्यालाही तीच ढेकर येत असायची. एकादशीला चालतं का, असं एखादी आजी निरोप पाठवून विचारी. आजोबांचं उत्तर ठरलेलं: औषधाला उपास नसतो. चमचा मात्र छोटाच घ्या, हे ते बजावून सांगत, आणि त्याला आधार होता. पोहे खायच्या मोठ्या चमचाभर कॉड तेलात ‘ड’ जीवनसत्त्व १३०० युनिटांच्या पुढे जातं, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. आणि ‘अ’ तर इतकं, की रोज ओतत राहिलं तर अपायच व्हायचा.

पलीकडच्या बोळातले एक वैद्य दुपारी आमच्या बाकावर येऊन बसत. त्यांना ही सगळी लपवालपवी हास्यास्पद वाटे. चरकानं सूत्रस्थानात माशांचे गुण सरळ लिहिले आहेत, जड, उष्ण, मधुर, बल देणारे. सगळ्या माशांत रोहित श्रेष्ठ म्हटला आहे. दुधाबरोबर तेवढा नको. मग तुम्ही भिंतीला काय लेबल दाखवता, असं ते आजोबांना विचारत. वैद्यबुवा स्वतः कांदाही खात नसत, ही त्यातली खरी मेख. ग्रंथात मासा असायला त्यांची ना नव्हती.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं नॉर्वेत फौजा घुसवल्या आणि पुढच्या काळात आमच्या वहीतलं ‘नॉर्वेचं तेल’ विरळ होत संपलं. विलायतेहून तेल येणं थांबलं तसं हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर मुशी म्हणजे शार्क माशाच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. कालिकतला मद्रास सरकारनं कारखानाच घातला. या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व कॉडपेक्षा कितीतरी जास्त, ‘ड’ मात्र कमी, म्हणून ते वरून घालावं लागे. पुढे बडोद्याच्या अलेंबिक कंपनीचं शार्कोफेरॉल आलं, शार्कचं तेल आणि लोह घातलेलं गोडसर टॉनिक. नावातच शार्क असलेली ही बाटली पेठेत बिनदिक्कत खपली. वडील ती लेबल पुढे करून लावत. बाळंतिणीला, परीक्षेला बसलेल्या मुलाला, टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला, सगळ्यांना शार्कोफेरॉल. एका पिढीत भिंतीकडचं लेबल समोर आलं, आणि त्याबद्दल कुणी सभा घेतली नाही की पत्रक काढलं नाही. पुण्यात हे नवलच.

नंतर गोळ्या आणि मऊ कॅप्सूल आल्या आणि चमचा कोनाड्यातून नाहीसा झाला. त्या मऊ कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेलं असतं. माझ्या उभ्या कारकिर्दीत हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ज्यांनी विचारला त्यांना मी खरं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ऐकून न ऐकल्यासारखं करून पैसे मोजले.

मधल्या काळात मुडदूस मागे पडला आणि दोन नवी दुखणी पुढे आली. एक हृदयाचं. डेन्मार्कचे बँग आणि डायरबर्ग हे १९७० च्या सुमारास ग्रीनलँडच्या इन्यूट लोकांचं रक्त तपासत होते; सील आणि मासे खाऊन राहणाऱ्या या लोकांच्या रक्तातली चरबी वेगळी दिसली आणि ओमेगा-थ्रीचा बोलबाला सुरू झाला. आमच्या दुकानात जवस विकायचो तेव्हा त्यातही ओमेगा-थ्री असतं असं लोक सांगत. असतं, पण जवसातलं शरीराला माशातल्या प्रकारात बदलून घ्यावं लागतं, आणि ते फार थोडं बदलतं. जवसाची चटणी जरूर खावी, पण तिच्यावर साल्मनचं ओझं टाकू नये. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचंही तेच. २०१८ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांत धडधाकट माणसानं रोज कॅप्सूल घेऊन हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात मिळून फारसे टळताना दिसले नाहीत. मी त्या विकल्या, अजूनही मुलगा विकतो. पण कुणी माझं मत विचारलं तर आठवड्यातून दोनदा ताटात मासा घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. हे बोलताना आमचा मुलगा माझ्याकडे बघतो ते मी बघत नाही.

दुसरं दुखणं बी-ट्वेल्व्हचं, आणि त्याचा शोध तर आपल्या गावात लागला असं म्हटलं तरी चालेल. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती बायका आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघालं, आणि त्याचा धागा मुलांच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्यापर्यंत गेला. बी-ट्वेल्व्ह वनस्पतीत नसतं. दूध-दह्यातून मिळतं तेवढ्यावर शाकाहारी माणूस कसाबसा तगतो, आणि पेठेतलं पातळ ताक त्या हिशेबात धरू नये.

आता तो साल्मन. पुण्यात मिळणारा बहुतेक अटलांटिक साल्मन नॉर्वेच्या खाड्यांत पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. हा धंदा तिथे १९७० च्या सुमारास उभा राहिला. ज्या देशाचं तेल आजोबांनी विकलं त्याच देशाचा मासा आता पेठेत येतो, हा योगायोग मला आवडतो. त्याचा गुलाबी रंग अस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा, पिंजऱ्यात ते खाद्यातून दिलं जातं. शंभर ग्रॅम कच्च्या तुकड्यात साधारण २०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं, १३ ग्रॅम चरबी आणि त्या चरबीत दोनेक ग्रॅम माशाचं ओमेगा-थ्री. ‘ड’ जीवनसत्त्व ४०० युनिटांच्या आसपास; मोठ्या माणसाला दिवसाला ६०० लागतं. बी-ट्वेल्व्ह तीनेक मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाची गरज भागून उरेल इतकं. आकडे उत्तम आहेत, त्यात शंका नाही.

कातड्याचं काय? कातडं काढल्यानं थोडी चरबी आणि थोड्या कॅलरी कमी होतात. चरबीत साठणारी काही नकोशी रसायनंही तेवढ्यापुरती कमी होतात. २००४ साली पिंजऱ्यातल्या साल्मनमध्ये ती जास्त सापडल्याचा बराच गवगवा झाला होता. पण कातड्याला चिकटून तपकिरी मांसाचा जो पातळ थर असतो, त्यात ओमेगा-थ्री भरपूर असतं, आणि कातडं खोल काढलं की तो थरही जातो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले त्यातलं थोडं कारखान्यातच राहतं. तरी बाकीचा तुकडा कमी गुणाचा नाही. आमच्याकडे बिनकातड्याचाच का खपतो ते आरोग्यात शोधू नये. कातडं, काटे, डोळे, खवले, वास, सगळं काढल्यावर जे उरतं ते पेठेला औषधासारखं दिसतं आणि औषधाची पेठेला सवय आहे.

शेजारच्या सोसायटीतला एक तरुण परवा दुकानात आला. त्याच्या आईचा बी-ट्वेल्व्हचा अहवाल वाईट, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिलेली. तो म्हणाला, “काका, आईला हळूच साल्मन देऊ का? हाड नाही, कातडं नाही, वास नाही. पनीरच आहे म्हटलं तर कळायचंही नाही.” मी म्हणालो, “अरे, तिला सांगून दे. आणि आधी इंजेक्शनं पुरी होऊ देत.” त्यानं घरी बाल्कनीत विजेची वेगळी शेगडी ठेवली आहे, तवाही निराळा. आईनं तेवढी एक अट घातली, बाकी काही विचारलं नाही.

माझी बायको मालवणची. दुकानातलं हे साल्मनपुराण तिला पटत नाही. तिचं म्हणणं, एवढ्या पैशांत टोपलीभर बांगडे येतील, तारल्या येतील; दोन्ही तेलकट मासे, ओमेगा-थ्री त्यांतही भरपूर, तारली काट्यासकट खाल्ली तर वर चुनाही मिळतो, आणि नॉर्वेहून विमानानं काही आणायला नको. औषधांच्या दृष्टीनंही तिचं बोलणं बिनचूक आहे. रावसाचं ती वेगळं सांगते. बाजारात काही जण त्याला ‘इंडियन साल्मन’ म्हणून विकतात, पण तो साल्मनच्या नात्यातला नाही. त्याचं मांस पांढरं आणि कमी चरबीचं, प्रथिनांना झकास, पण ओमेगा-थ्रीसाठी घ्यावा असा नव्हे. आणि शिजवताना साल्मन काय, बांगडा काय, करपवून तळायचा नाही. वाफवा किंवा थोड्या तेलावर हलका परता, हळद, मीठ, कोकमाचं आगळ, बास.

त्या तरुणाला तिनं गणेश पेठेतून बांगडे कसे निवडायचे तेही समजावून दिलं. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. त्यानं ते सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. तो अजून गणेश पेठेत गेलेला नाही. साल्मनची पिशवी मात्र दर पंधरवड्याला येते, श्रावण सोडून.